म्हापशात बसून शापोराचा किल्ला: माइनक्राफ्ट

किल्ले बांधायची हौस असेल तर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधकाम करायचा व्हिडिओ गेम डोळे मिटून घ्या. मी आणि भाचा त्यात गोव्यातला शापोराचा किल्ला उभारतोय. पहिलं अडलं ते चिऱ्यापाशी. गेममध्ये दगडांचे ढीगभर प्रकार, पण आपला जांभा नाही! ग्रॅनाइट फार गुलाबी दिसतो. शेवटी मातीच्या विटा (२०२२ च्या अपडेटमध्ये आल्या) आणि नारिंगी टेराकोटा यांची सरमिसळ केली, पायथ्याशी शेवाळलेले दगड लावले. लांबून अगदी श्रावणातली भिंत वाटते. भिंत सरळ रेषेत नेऊ नका, डोंगराच्या कडेकडेने वळवा. शापोराची ऐट त्या वेड्यावाकड्या तटातच आहे.

बुरुजांवरच्या गोल घुमट्यांनी मात्र घाम काढला. चौकोनी ठोकळ्यांतून गोलाई काढायची म्हणजे आधी वहीत चौकटी आखून घ्याव्या लागतात. पायऱ्यांचे आणि अर्धे ठोकळे वापरले की कोपरे जरा मऊ होतात.

सर्व्हायव्हलमध्ये (जीव वाचवत खेळायचा प्रकार) बांधणार असाल तर क्रीपर या फुटणाऱ्या राक्षसापासून सांभाळा, एका स्फोटात तटाला भगदाड. आम्ही सरळ क्रिएटिव्ह, म्हणजे निवांत नुसतं बांधायचा प्रकार लावला. भाच्याला ते मान्य नाही. त्याच्या मते शत्रूच नसेल तर किल्ला कशाला?