मत्सराच्या दोन फ्रेंच कादंबऱ्या : आधी बाल्झाक की मोपासाँ?

भाऊबंदकी आणि मत्सर यांवरची एकच जुनी फ्रेंच कादंबरी वाचायची असेल, तर माझ्या मते निवड दोघींतच आहे : बाल्झाकची ‘कझिन बेट’ (१८४६) आणि मोपासाँची ‘प्येर आणि जाँ’ (१८८८).

मोपासाँ नऊ प्रकरणांत आटोपतो. ल हाव्र बंदरात राहणारा निवृत्त जवाहिऱ्या रोलाँ, त्याची बायको आणि दोन मुलगे, थोरला डॉक्टर, धाकटा वकील. घरचा एक जुना स्नेही मरतो आणि सगळी मालमत्ता धाकट्या जाँला ठेवून जातो. थोरल्या प्येरच्या पोटात दुखू लागतं. मग दारूच्या गुत्त्यातली ओळखीची मुलगी वारशाचं ऐकून सहज बोलून जाते, तरीच तुझा भाऊ तुझ्यासारखा दिसत नाही! तिथून प्येरची झोप उडते. दवाखान्यासाठी त्यानं मनात धरलेली जागा आई जाँसाठी भाड्यानं घेते, तेव्हा आपण प्येरच्या बाजूनं होतो. आणि पुढं तो आईला ज्या तऱ्हेनं छळतो, ते वाचवत नाही.

‘कझिन बेट’चा पसारा मोठा आहे. लॉरेनच्या खेड्यात आदलीन देखणी म्हणून तिला जपलं आणि तिच्या चुलतबहिणीला, बेटला, शेतात राबवलं. लहानपणी बेट आदलीनचं नाक उपटायला धावली होती! आदलीन एका बॅरनची, म्हणजे सरदाराची बायको होते, बेट पॅरिसमध्ये त्यांच्या घरची गरीब नातेवाईक म्हणून उरते. तिनं आत्महत्येतून वाचवलेला, पोसलेला तरुण पोलिश शिल्पकार आदलीनची मुलगी पटकावते आणि बेट घर पोखरायला घेते. घरच्यांना मात्र ती आपली हितचिंतकच वाटत राहते. ही गोष्ट मला प्येरच्या तडफडीपेक्षा कितीतरी भयंकर वाटते. प्येरचा मत्सर त्याला निदान खरं काय ते दाखवतो. बेटचा फक्त खात सुटतो.

पण बाल्झाकला धीर लागतो. सुरुवातीला हुंडा, कर्जं, फ्रँकचे हिशेब यांत अडकायला होतं, आणि मध्ये बॅरनच्या बाईवेडापायी बेट पानंच्या पानं बाजूला पडते.

दोन-तीन संध्याकाळीच मोकळ्या असतील, तर मोपासाँ घ्या. सवड असेल आणि पैशानं नाती कशी सडतात हे पाहायचं असेल, तर बाल्झाकच. दोन्हींची जुनी इंग्रजी भाषांतरं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मोपासाँच्या आवृत्तीत कादंबरीकलेवरची लांब प्रस्तावना असली तर ती नंतर वाचा. आधी थेट होडीतल्या मासेमारीपासून सुरुवात करा.