मुकादम नेमताना: चारचौघांचा शब्द की पाच गुणांची चाचणी?

माग, सूत, मजुरी यांचा हिशेब तुम्ही मांडलाच असेल. अडतं ते मुकादमापाशी. पंधरा-वीस माणसं ज्याच्या हाती सोपवायची, त्याचा स्वभाव ओळखायचा कसा? सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवताना मी दोन्ही वाटांनी गेलोय. आधी बरीच वर्षं चारचौघांना विचारून माणसं घेतली, मग एकदा सल्लागार बोलावून स्वभाव मोजणारी लेखी चाचणी घेतली.

चाचणीला नावं ठेवण्याआधी तिचं मूळ पाहावं. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द वेचले. लोकांच्याच तोंडचे शब्द. पुढच्यांनी त्यांची चाळण करत करत पाच गुण काढले: नव्याची ओढ, कामातली शिस्त, माणसांत मिसळणं, जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. इथे कुणावर शिक्का बसत नाही, प्रत्येक गुण कमी-जास्त मोजला जातो. आपण ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणतो खरं, पण नोकरीला घेताना सरळ आणि वाकडा असे दोनच कप्पे करतो. आणि एक गोष्ट मला फार लागते: आडनाव आणि पेठ ऐकूनच स्वभाव ठरवणारे मालक मी पाहिलेत. त्यापायी चांगल्या कामगारांची रोजी गेली. चाचणी आडनाव विचारत नाही, हे तिचं मोठेपण मी मानतो.

तरी माझं मन फिरलं ते एका विधानावर. ‘मला पटकन राग येतो’ आणि पुढे पाच चौकोन, ‘अजिबात नाही’पासून ‘अगदी बरोबर’पर्यंत. वीस वर्षं मागावर काढलेला एक माणूस पेन धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, “कुणावर, मालक?”

सल्लागार म्हणाला, “साधारणपणे.”

“साधारण म्हणजे? माग बंद पडला तर येत नाही. शिलाईवरच्या बाईला कुणी वेडंवाकडं बोललं तर येतोय.”

मला मुकादमाबद्दल जे कळायला हवं होतं ते त्या दोन वाक्यांत आलं होतं, आणि कागदावर त्याला जागाच नव्हती. त्याने मधल्या चौकोनात खूण केली. अहवालात आलं, ‘भावनिक स्थैर्य मध्यम’. त्या ‘मध्यम’चं मी काय करायचं? बाकीच्या विधानांचंही तेच. कोणासमोर, कोणत्या पाळीत, घरी की कामावर, काही नाही. ही अडचण मला शेवटपर्यंत टोचत राहिली.

पुढे वाचनात आलं की हीच तक्रार शास्त्राच्या घरातूनही झाली आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये दाखवलं की चाचणीतला गुण आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (काहीच मेळ नसेल तर ०, पूर्ण मेळ असेल तर १) क्वचितच ०.३०च्या वर जातो. १९९५ मध्ये युइची शोदा या सहसंशोधकाबरोबर त्यांनी मांडलं की ‘अमुक झालं तर तमुक करतो’ ही माणसाची ठरलेली रीतच त्याची ओळख आहे. आपल्याकडचा किराणावाला असंच बोलतो: “उधारी वेळेवर देतो, पण भाऊ गावाकडून आला की त्या महिन्यात मागू नका.” मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी १९८४ साली शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. शिकागोची मोठी माणसं स्वभावाकडे जास्त बोट दाखवत, म्हैसूरची परिस्थितीकडे. लहान मुलांत हा फरक फारसा नव्हता. म्हणजे प्रसंग बघण्याची ही सवय वाढता वाढता अंगी येते, आणि ती आपल्याजवळ आहे.

चाचणीवाल्यांचं उत्तरही खोटं नाही. पुष्कळ दिवसांची सरासरी घेतली तर हे गुण बऱ्यापैकी टिकतात, आणि शिस्तीचा गुण कामाच्या दर्जाशी जुळतो असं अनेक व्यवसायांत आढळलंय. एकदम शंभर अनोळखी माणसं भरायची असतील तर मीही कदाचित चाचणीच घेईन. पण तुम्हाला एकच मुकादम हवाय.

तेव्हा विचारा, फक्त नुसतं “कसाय?” विचारू नका, त्याला उत्तर “चांगलाय” एवढंच येतं. वीज गेली की काय करतो? रात्रपाळीला माणूस कमी पडला तर? गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सगळ्यांनी एकदम सुट्टी मागितली तर कोणाला सोडतो? एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना विचारा, आणि त्यातला एक त्याच्या हाताखाली राबलेला असू द्या. मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

“कुणावर, मालक?” विचारणाऱ्या त्या माणसाला मी ठेवून घेतलं. आता नवा कामगार घ्यायचा झाला की चौकशीला मी त्यालाच पाठवतो.