कॅमेरा लुसिडा: नऊ महिने वापरल्यानंतर

बी.एस्सी.ला बॉटनी घेतलेल्या कुणालाही ‘टीप लिहा: कॅमेरा लुसिडा’ हा प्रश्न आठवत असेल. मीही ती टीप लिहिली होती, आकृतीसकट. यंत्र मात्र बघितलं नव्हतं. कपाटात आहे असं सर सांगायचे, पण कपाटाची किल्ली तीन वर्षांत सापडली नाही. त्यामुळे गेल्या आषाढात ऑनलाइन एक दिसला तेव्हा २,८०० रुपये मोजून मागवला तो गरजेपेक्षा त्या जुन्या रागापोटी. ब्रँडचं नाव लिहीत नाही. मला वस्तूबद्दल बोलायचंय, दुकानाबद्दल नाही.

खोक्यात निघतं ते एवढंच: टेबलाला लावायचा क्लॅम्प, वाकवता येणारा दांडा आणि टोकाला करंगळीच्या पेराएवढं प्रिझम. सासूबाईंनी बघून विचारलं, “हाई काय शे वं?” चित्र काढायचं यंत्र आहे म्हटल्यावर त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. त्यांना चहाच्या गाळणीचा दांडा वाटला होता.

काम कसं करतं ते आधी सांगते, कारण माहितीपत्रकात ते चार ओळींत उरकलंय. समोर वस्तू ठेवायची, खाली कागद. प्रिझमच्या कडेवर डोळा असा आणायचा की बाहुलीचा अर्धा भाग प्रिझममधून बघेल आणि अर्धा सरळ कागदाकडे. मग कागदावर ती वस्तू तरंगताना दिसते, आणि पेन्सिलचं टोकही दिसतं. कडेवरून गिरवत जायचं. लुसिडा म्हणजे उजेडाची. कॅमेरा म्हणजे खोली, पण खोली यात कुठेच नाही. विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०६ मध्ये याचं पेटंट घेतलं. पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू शोधणारा तोच. एका आरशात प्रतिमा उलटी पडते. त्याच्या चार बाजूंच्या प्रिझममध्ये प्रकाश दोनदा परावर्तित होतो, म्हणून सुलटी दिसते. युक्ती एवढीच, पण खिशात मावणारी. बोटीतून नव्या मुलखात निघालेल्यांना हेच हवं होतं. बॅसिल हॉल नावाच्या नौदल कप्तानानं १८२७-२८ मध्ये उत्तर अमेरिकेत फिरून याच्यावर काढलेल्या चित्रांचं पुस्तक १८२९ मध्ये छापलं.

माझं पहिलं चित्र भरताच्या वांग्याचं. आपलं खानदेशी, पांढरट हिरवं, चांगलं पाऊण किलोचं. दीड तास लागला. रेघ इतकी थरथरत होती की वांग्याला ताप आलाय असं वाटावं. चित्र पुरं व्हायच्या आत वांगं चुलीवर गेलं, त्यामुळे देठ आठवणीनं काढलाय आणि तो चुकलाय हे मला आजही दिसतं.

पहिले तीन आठवडे असेच गेले. मान जरा हलली की प्रतिमा सरकते. एक डोळा मिटून, श्वास धरून बसावं लागतं. कागद आणि वस्तू वेगवेगळ्या अंतरावर असल्यानं कधी पेन्सिल पुसट, कधी फूल पुसट. परत करायच्या बेतात होते, तेव्हा टॅलबॉटची गोष्ट आठवली. १८३३ च्या ऑक्टोबरात हा माणूस इटलीत कोमो सरोवराच्या काठी कॅमेरा लुसिडा घेऊन बसला होता. प्रिझममधून दिसलं ते अप्रतिम, डोळा काढून कागद बघितला तर नुसत्या दीनवाण्या रेघा. चिडून तो या विचाराला लागला की प्रतिमेनं स्वतःच कागदावर उमटायला काय हरकत आहे. पुढे त्यातून त्याची फोटोग्राफी निघाली. म्हणजे फोटोचा एक आजा हा, न जमलेल्या चित्राचा वैताग. मी फोटोग्राफी शोधली नाही, पण परतही केलं नाही.

जमायला लागलं ते उजेडाचं गणित कळल्यावर. कागदावर ऊन जास्त असेल तर प्रतिमा धुऊन जाते. शिरपूरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. वस्तूवर उजेड, कागदावर सावली आणि वस्तूच्या मागे काळं कापड, असं हवं. मी छत्रीचं फाटकं कापड लावते. सकाळी सात ते नऊ ओसरीवर सगळ्यात चांगलं. दुपारी बाराला बसलात तर पांढऱ्या कागदाकडे बघून डोळे पाणावतील, बाकी काही नाही.

श्रावण-भाद्रपदात कळलावी काढली. हे फूल या यंत्रासाठीच घडवलंय असं म्हणेन. मागे वळलेल्या लाटेसारख्या पाकळ्या नुसत्या डोळ्यानं काढायला गेलं की प्रत्येक पाकळी दुसऱ्यासारखी होते. प्रिझममधून काढल्या तेव्हा सहाच्या सहा वेगळ्या आल्या. पानाच्या टोकाची ती वेटोळी तणावेसुद्धा. पण बाह्यरेषा होईतो पिवळा लाल व्हायला लागला. कळलावी उमलल्यावर रंग बदलत जाते, आणि मी एका फुलाला सकाळ घालवली होती.

यावरचा उपाय यंत्रात नाही. तो फर्डिनांड बॉअरकडे आहे, आणि नऊ महिन्यांत मी शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. १८०१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेलेला हा चित्रकार जागेवर रंगवतच नसे. पेन्सिलनं रेखाटन करायचा आणि पानापाकळ्यांवर बारीक आकडे टाकायचा. प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरलेली छटा. त्याची यादी हजाराच्या घरात गेली होती. फूल केव्हाच सुकून जायचं, रंगकाम युरोपात परतल्यावर, कधी कधी कित्येक वर्षांनी. पुढे १८१४ मध्ये पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकारानं शंभराहून जास्त रंगांची नावं आणि नमुने असलेलं पुस्तक काढलं. डार्विननं ते ‘बीगल’वर सोबत नेलं होतं, म्हणजे समुद्राचा निळा कुठला ते घरच्यांना नेमकं सांगता यावं.

मग मीही तक्ता केला. हजार कुठून आणणार, चौसष्ट झाले. आमसुली, डाळिंबी, अबोली, शेवाळी, मोरपंखी, गव्हाळ, हळदी, विटकरी अशी नावं होतीच, त्यांना आकडे दिले. पंचेचाळीस नंबर ‘कळण्याच्या भाकरीचा’. हसू नका, वाळलेल्या सागाच्या पानाला दुसरा रंगच लागत नाही. फोटोवरून रंग घ्यायचा प्रयत्न केला होता. मोबाइल पळसाचा केशरी भडक करतो आणि कळलावीचा लाल गुलाबीकडे नेतो. आकडे टाकलेलं रेखाटन महिन्यानं काढून रंगवलं तरी जुळतं.

दिवाळीच्या आसपास केळफूल घेतलं. भाचा यावलच्या बाजूच्या मळ्यातून घेऊन आला. घड धरलेल्या दांड्यासकट ते क्लॅम्पसमोर बसेना, म्हणून ओसरीच्या खांबाला सुतळीनं बांधलं. केळफूल बघताना मारिया सिबिला मेरियन आठवते. ही बाई १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन ॲमस्टरडॅमहून सुरिनामला गेली. किडे बघायला, स्वतःच्या खर्चानं. १७०५ मध्ये तिचं पुस्तक आलं. त्यात केळफूल आहे आणि त्यावर अळीही आहे, कारण तिचा आग्रह असा की अळी ज्या झाडावर जगते त्या झाडासकटच ती काढायची. तोवर किडे बहुधा सुटे, टाचणीला लावल्यासारखे काढत. कॅमेरा लुसिडा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. माझ्या केळफुलात अळी नाही. भाच्यानं येतानाच झटकून टाकली होती. “आत्या, घाण होती,” म्हणाला.

माशांचं सांगायचं राहिलं. गोड फूल आणि ओला रंग असला की माशा येतात आणि प्रिझमवरच बसतात. कुकच्या ‘एन्डेव्हर’वरचा चित्रकार सिडनी पार्किन्सन ताहितीत रंगवायला बसला की माशा कागदावरचा रंगच खाऊन टाकायच्या, म्हणून त्याच्यावर मच्छरदाणी टाकायची वेळ आली. तो बिचारा १७७१ च्या जानेवारीत परतीच्या वाटेवर वारला. त्याच्या चित्रांवरून सातशेहून जास्त ताम्रपट कोरले गेले, पण ते सगळे रंगीत छापून निघायला १९८० चं दशक उजाडलं. मी पंखा लावते. वस्तू मग हलते. मच्छरदाणीच बरी.

आता तक्रारी. दांड्याचा सांधा चौथ्या महिन्यात ढिला पडला. प्रिझम हळूहळू खाली झुकायचं आणि मला कळायचंच नाही; तेवढ्यात चित्राची खालची बाजू वरच्यापेक्षा मोठी होऊन बसायची. विक्रेत्याला दोन ईमेल केले, उत्तर नाही. शेवटी सायकलवाल्यानं पाच रुपयांचं वायसर घालून दिलं, ते आजही टिकून आहे. क्लॅम्प पातळ फळीलाच बसतो. चष्मा असेल तर कडेवर डोळा आणताना काच आड येते. मला जवळचा नंबर आहे, मी चष्मा काढून बसते. आणि पत्रकात ‘पक्षी निरीक्षणासाठी उपयुक्त’ असं छापलंय, ती निव्वळ थाप.

कारण जिवंत पक्षी बसतोय कशाला? माघात शहाद्याच्या बाजूला रानपिंगळा दिसेल म्हणून गेले होते. दिसला. यंत्र पिशवीतून बाहेर काढेपर्यंत उडाला. या पक्ष्याचं सगळं प्रकरणच आपल्या खानदेशाचं आहे. ए. ओ. ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १८७३ मध्ये त्याला नाव दिलं. डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर तो गायब. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला असा माइनर्ट्झहागन या इंग्रज पक्षीसंग्राहकानं दावा केला, तो शंभरेक वर्षं मिरवला नसला तरी बरीच वर्षं खपला. मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी कातड्याची शिवण तपासली तर ते डेव्हिडसनचंच जुनं पाखरू निघालं, म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेलं. खोटी जागा यादीतून वगळून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो दिवसाढवळ्या बसलेला सापडला. शतकभर त्याची ओळख म्हणजे कपाटातली मोजून सात कातडी. मेलेल्या पाखराचं अचूक चित्र काढता येतं, चिठ्ठीचं काय करणार?

ऑडुबॉन या अमेरिकन पक्षीचित्रकारानं पक्ष्यांसाठी वेगळीच सोय केली होती. ताजा मारलेला पक्षी तारांनी हव्या त्या ऐटीत बांधायचा आणि मागे चौकोन आखलेली फळी ठेवायची. मारण्याचं सोडा, चौकोनांची युक्ती मी उचलली. जुन्या फोटोफ्रेममध्ये दोऱ्याची जाळी ओढली आणि कागदावर तेवढेच चौकोन आखले. खर्च शून्य. मोठ्या फांदीला, घडाला, आख्ख्या झाडाला ही फ्रेम प्रिझमपेक्षा सरस ठरते. मी आता निम्मं काम तिच्यावरच करते.

एक प्रसंग सांगते. कळलावीचं पूर्ण झालेलं चित्र मी सातपुड्यातल्या एका पावरा आजोबांना दाखवलं. ते फूल त्यांनीच जागा दाखवून मिळवून दिलं होतं. त्यांनी कागद लांब धरून बघितला आणि विचारलं, “खालचं कुठंय?” मला कळेना. त्यांनी दोन बोटं फाकून दाखवली. कंद! नांगरासारखा दुभंगलेला कंद. संस्कृतात या वेलीला लांगली म्हणतात ते त्यावरूनच. वेल सगळीच विषारी, कंद तर जास्तच, त्यामुळे ओळखायला हवा तो आधी. पाकळीची लाट मी केसाएवढी बरोबर आणली होती आणि वेल जमिनीपाशी कापून टाकली होती. प्रिझमपुढे कंद ठेवलाच नव्हता, तर तो दाखवणार कसा?

त्या दिवसापासून चित्राच्या कोपऱ्यात कोणी आणलं, कोणी ओळखलं हेही लिहिते. ‘होर्तुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या, १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापलेल्या बारा खंडांत इट्टी अच्युतन या केरळी वैद्याची साक्ष आहे, आणि तीन कोंकणी पंडितांची देवनागरीतली साक्षही. उलट रॉक्सबर्ग या कंपनी सरकारच्या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी अडीच हजारांवर झाडं रंगवणाऱ्या आपल्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं कुणी टिपली नाहीत.

आणि चित्रं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून उमेद घालवली. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिलची कबर भुसावळला आहे. माझ्याकडे आग नाही लागली, वाळवी लागली. सहा चित्रं गेली.

घ्यायचं का? रेघ आधीपासून बरी असेल आणि प्रमाण चुकत असेल तर घ्या, फुला-शेंगांना तोड नाही. चित्रकला मुळातच येत नाही म्हणून घेणार असाल तर आधी दोऱ्याची फ्रेम करा, महिनाभर वापरा. मी पाचापैकी साडेतीन तारे देते. अर्धा तारा सायकलवाल्याचा. भाद्रपदात पुन्हा कळलावी काढणार आहे. या खेपेला कुदळ घेऊन जाणार आहे, हातमोज्यांसकट, आणि आजोबा म्हणतील तेवढाच एक कंद उकरणार आहे.