सीसीआयची .२२ छर्ऱ्याची काडतुसं: रायफलमधून पक्षी पडतो का?

अमेरिकेत ग्राऊससारख्या (तित्तिरासारखा रानपक्षी) छोट्या पक्ष्यासाठी .२२ (नळीची रुंदी, इंचात) रायफलमध्ये छर्ऱ्याचं तयार काडतूस घालायचा मोह अनेकांना होतो. सीसीआय या अमेरिकी काडतूस कंपनीच्या .२२ लाँग रायफल काडतुसात निळ्या प्लॅस्टिकच्या टोपीत १२ नंबरचे छर्रे असतात, वजन ३१ ग्रेन, म्हणजे जेमतेम २ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे १००० फूट. बनावट उत्तम, पण खरी अडचण नळीत आहे.

रायफलच्या नळीतल्या पिळामुळे (आतल्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा) छर्रे फिरत बाहेर पडतात आणि लगेच चहूकडे फेकले जातात. कागदावर मारून पाहा: कडेला भोकांची गर्दी, मधोमध रिकामी जागा, आणि पक्षी नेमका तिथेच असतो. त्यात एकेक छर्रा १.३ मिलिमीटरचा, त्याचा जोर फार लवकर ओसरतो. ३-४ मीटरपर्यंत ठीक. पुढे पक्षी जखमी होऊन झुडपात जातो, आणि हे मला अजिबात मान्य नाही. .२२ मॅग्नम या मोठ्या काडतुसात ५२ ग्रेन छर्रे मिळतात, तरी पिळाचा प्रश्न तोच.

सेमी-ऑटो रायफलमध्ये पुढचं काडतूस आपोआप चढेलच असं नाही, दर वेळी हाताने खटका ओढून भरायची बोल्ट ॲक्शन बरी. सायलेन्सर लावून तर मारूच नका.

गोठ्यातले उंदीर, पायाजवळचा विषारी साप यांसाठी जरूर घ्या. पक्ष्यांसाठी .४१० शॉटगन (बिनपिळाच्या नळीची छर्ऱ्याची बंदूक) घ्या; तिच्या अडीच इंची काडतुसात १४ ग्रॅम छर्रे बसतात. होला वगैरे स्थलांतरित पक्ष्यांवर रायफल चालवायला अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत बंदीच आहे. ग्राऊससाठी तिथल्या त्या-त्या राज्याचे नियम आधी वाचा. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे अशा शिकारीचा प्रश्नच येत नाही.