साधा कॉम्प्रेसर की मल्टिबँड?

कम्युनिटी रेडिओवरची नवी सहकारी विचारते, "दादा, आवाज किती दाबू?"

एकच कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी यंत्रणा), 2:1 रेशो (ठरवलेल्या मर्यादेवरचा चढ निम्मा), रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) सेकंदभर: जात्यावरच्या ओवीतला चढउतार, मुलाखतीतला श्वास शाबूत राहतो. जुळवायलाही सोपा. पण धावत्या एसटीत हळू बोललेलं बुडतं, आणि ढोलकीची थाप पडली की गाणारीचा आवाजही खाली बसतो.

मल्टिबँड खर्ज, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळे दाबतो, म्हणून गळा जागेवर राहतो. सिग्नल क्षीण असलेल्या गावातही आवाज खरखरीच्या वर राहतो. मात्र रिलीज फार जलद ठेवलात तर दोन वाक्यांमधल्या फटीत पंख्याची घरघर उसळते, तासाभरात कान थकतात. जुळवताना खूप ऐकावं लागतं.

ओव्या-गप्पांना साधाच लावा. दिवसभर गाणी आणि श्रोते प्रवासात, तर मल्टिबँड.