एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू: ड्युअल बूट की व्हर्च्युअलबॉक्स?

फोंड्याला कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीला विंडोज ठेवून उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची होती. दुसरा लॅपटॉप परवडणारा नव्हता, म्हणून दोन वाटा तिच्यापुढे ठेवल्या.

ड्युअल बूटमध्ये डिस्कचे भाग पाडून दोन्ही सिस्टीम बसवतात, पण एका वेळी एकच चालते. जी चालते तिला सगळी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड थेट मिळतं. वेग हवा तर हीच वाट. मात्र पार्टिशन पाडताना चूक झाली की डेटा जातो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरी कमजोर असेल तर जून-जुलैत या कामाला हात लावू नका. बॅकअप तर आधी घ्यायचाच.

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. ते २००७ साली आलं, २०१० पासून ओरॅकल कंपनीकडे आहे. मूळ पॅकेज मुक्तस्रोत आणि फुकट. यात उबुंटू विंडोजच्याच एका खिडकीत उघडतं. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्नॅपशॉट: काही बिघडवण्याआधीची स्थिती जपून ठेवायची, आणि बिघडलं की दोन क्लिकमध्ये मागे यायचं. शिकणाऱ्या पोराला न घाबरता चुका करता आल्या पाहिजेत! अडचण रॅमची. ८ जीबीतले ४ उबुंटूला दिले की विंडोजही जड चालतं. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (प्रोसेसरची आभासी कॉम्प्युटर चालवायला मदत करणारी सोय) चालू आहे ना, तेही बघा.

भाचीला मी व्हर्च्युअलबॉक्सच बसवून दिलं. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला ड्युअल बूट सांगितलं असतं.