ग्रुप, क्विझ की बिंगो? सोलापुरातल्या वाचनालयाने आधी काय निवडावं

मार्च संपत आला की वाचनालयाच्या कार्यकारिणीत एक विषय हमखास निघतो: यंदा वाचकांसाठी काहीतरी ऑनलाइन करू या. ‘काहीतरी’ म्हणजे नक्की काय, इथे घोडं अडतं. कुणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणतं, कुणी इन्स्टाग्राम, कुणाच्या पुतण्याने कॉलेजात काहूट ही फोनवरची प्रश्नमंजुषा खेळलेली असते. हा आढावा ज्या वाचनालयात एक ग्रंथपाल आणि एक सहायक आहे, आणि अनुदानाचा हप्ता येईपर्यंत हात आखडता असतो, त्यांच्यासाठी आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या मोठ्या संस्थेचं गणित वेगळं, जुळे सोलापुरातल्या किंवा सांगोल्या-मंगळवेढ्याच्या छोट्या वाचनालयाचं वेगळं.

प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारतो: याचा शेवट पुस्तकाच्या कपाटापाशी होतो का? होत नसेल, तर करमणूक झाली, वाचनालयाला काय मिळालं?

आधी निरोपाचं साधन. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि चॅनल यांत लोक गल्लत करतात. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बायकांची सभासदसंख्या चांगली असलेल्या वाचनालयाने एवढ्यावरच ग्रुपचा विचार सोडून द्यावा. शिवाय दुसऱ्याच आठवड्यात गुलाबाच्या फुलासह ‘शुभ सकाळ’ सुरू होतं, आणि नव्या पुस्तकांची यादी त्याखाली गाडली जाते. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आहे. पण मग तो ग्रुप उरतो कुठे? चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्यात एका वाचकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, वाचनालय लिहितं आणि वाचक वाचतात, इमोजी देतात, मतचाचणीत मत देतात. ‘पुढच्या खरेदीत यापैकी कोणती कादंबरी घ्यावी?’ ही मतचाचणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण निवडून आलेलं पुस्तक दाखल झालं की मत देणारे ते मागायला येतात. ब्रॉडकास्ट यादीचा मोह टाळावा: तिला २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्याने वाचनालयाचा नंबर साठवलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही.

चॅनलची उणीव एकच, वाचकाला उलट बोलता येत नाही. पुस्तक राखून ठेवा, मुदत वाढवा, दिवाळी अंक योजनेत नाव घाला, यासाठी वाचनालयाच्या वेगळ्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस ठेवावं. ते फुकट आहे आणि ठरलेली उत्तरं त्यात साठवता येतात. सिम ग्रंथपालाच्या खाजगी फोनात मात्र नको. माणूस निवृत्त होतो, नंबर घेऊन घरी जातो.

इन्स्टाग्रामवर मी थोडक्यात सांगतो: घाई नको. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१८ मध्ये इन्स्टाग्रामच्या स्टोरीतून अख्ख्या कादंबऱ्या वाचायला दिल्या, त्याचं कौतुक जगभर झालं. पण त्यांच्यासोबत एक जाहिरात संस्था होती. आपल्याकडे रील कोण करणार, हे नावानिशी ठरलं असेल तरच खातं उघडावं.

आता क्विझ. इथे तीन पर्याय आहेत आणि तिघांचं जग वेगळं आहे.

गूगल फॉर्म घरबसल्या, केव्हाही भरता येतो, गुण आपोआप लागतात, नावं तक्त्यात जमा होतात. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, बहुतेक जण हेच करतात. पण ‘सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी कधी झाली?’ असा प्रश्न घातला की मूल दुसऱ्या खिडकीत शोधतं आणि १२ जानेवारी १९३१ लिहून मोकळं होतं. प्रश्न बदला: ‘मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे किंवा कुर्बान हुसेन यांच्यापैकी एकाविषयी आपल्या वाचनालयातलं पुस्तक शोधा, त्याचा दाखल क्रमांक आणि ज्या पानावर त्यांचं नाव आहे तो क्रमांक लिहा.’ दाखल क्रमांक म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला त्या पुस्तकाचा क्रमांक. याचं उत्तर इंटरनेटवर नाही, कपाटात आहे. फॉर्म तोच, फुकटचाच. फरक प्रश्नात आहे. शाहीर राम जोशी, डॉ. कोटणीस, १९३० चा मार्शल लॉ, असे विषय सोलापूरला कमी पडायचे नाहीत.

काहूट हा समोरासमोरचा खेळ. प्रश्न पडद्यावर, उत्तर प्रत्येकाच्या फोनवर, गडबड-गोंधळ भरपूर. पोरं खूश होतात, यात शंका नाही. त्यासाठी प्रोजेक्टर लागतो, सगळ्यांच्या हातात फोन लागतो आणि वायफाय टिकावं लागतं. फुकट योजनेत खेळाडूंची संख्याही मर्यादित असते. मोठी अडचण वेगळीच आहे: नेहमीच्या पद्धतीत जो लवकर उत्तर देतो त्याला जास्त गुण. सावकाश, नीट वाचणारं मूल हरतं. वाचनालयाने वेगाला बक्षीस द्यावं, हे मला पटत नाही.

प्लिकर्स कमी लोकांना ठाऊक आहे आणि आपल्याकडे तेच जास्त चालेल. मुलांच्या हातात फोन नाही, छापलेलं कार्ड असतं. कार्ड ज्या बाजूने उभं धरलं ते उत्तर, अ-ब-क-ड पैकी एक. ग्रंथपाल आपला फोन खोलीभर फिरवतो आणि कॅमेरा सगळ्यांची उत्तरं टिपतो. विडी कामगाराच्या घरातलं मूल आणि होटगी रोडच्या बंगल्यातलं मूल इथे एका पातळीवर बसतं. कार्डं एकदा छापली की वर्षानुवर्षं चालतात, इंटरनेट एकाच फोनला पुरतं. शाळेच्या सहलीला किंवा बालविभागाच्या शनिवारी काहूटपेक्षा मी डोळे झाकून हेच निवडेन.

तरी मला विचाराल तर पहिला खर्च क्विझवर नको, उन्हाळी वाचन-बिंगोवर करा. सुट्टीत ‘सर्वांत जास्त पुस्तकं कोण वाचतो’ ही स्पर्धा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा परिणामही ठरलेला: मुलं पातळ पुस्तकं उचलतात, रोज बदलतात, देवघेवीच्या टेबलावर गर्दी होते, वाचन तेवढंच राहतं. बिंगोत कार्डावरचे चौकोन भरायचे असतात, प्रत्येक चौकोनात वाचनाचं एक काम. ‘आजोबांच्या जन्माआधी छापलेलं पुस्तक.’ ‘कन्नड किंवा तेलुगूतून मराठीत आलेली गोष्ट.’ ‘घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवलेली कविता.’ ‘ज्या कपाटाला कधी हात लावला नाही, त्यातलं एक.’ एक ओळ पूर्ण झाली की शिक्का.

सोलापुरात याला आणखी एक धार आहे. इथे घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड किंवा उर्दू असं सहज चालतं. ‘आजीला तिच्या भाषेत गोष्ट विचार, मराठीत लिहून आण’ हा चौकोन पुण्यात कदाचित फसेल, अशोक चौकात फसणार नाही. कार्डावर सूचना चारही भाषांत छापल्या तर पालकही वाचतील. मे महिन्याचं ऊन पाहता उपक्रम सकाळीच उरकावा. दुपारी बाराला मूल पाठवायला कुणी आई तयार होत नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा उन्हाळी खेळ २०११ पासून चालतो. वाचनालयात आणि गावभर सांकेतिक शब्द लपवलेले असतात, ते संकेतस्थळावर भरले की गुण. त्यांची यंत्रणा आपल्याला परवडणार नाही, पण शब्द लपवण्याला पैसे लागत नाहीत. चिठ्ठी पुस्तकाच्या पानात ठेवा, सुगावा चॅनलवर टाका. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने पाचशे जणांना रात्रभर आत ठेवून एक खेळ घेतला: संग्रहातल्या वस्तू फोनच्या मदतीने शोधायच्या आणि त्यांवर लिहायचं. फोन हातात होता, पण पाय दालनांतूनच फिरत होते.

स्पर्धा परीक्षेची पोरं हा वेगळाच प्रकार. दिवसभर अभ्यासिकेत बसतात, स्वतःची पुस्तकं आणतात, कपाटाकडे बघत नाहीत. त्यांना खेळ नकोच असतो. त्यांच्यासाठी आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचा क्यूआर कोड टेबलावर चिकटवा, पुरे.

पुस्तकांची यादी ऑनलाइन करण्याचं काम रटाळ आहे, पण ते टळणार नाही. त्यासाठीची दोन सॉफ्टवेअर: सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय घ्यावं की कोहा? कोहा मुक्त-स्रोत आणि फुकट आहे, पण सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस लागतो. तो नसेल तर आधी ई-ग्रंथालयासाठी विचारणा करावी. दोन्हींच्या आधी एक गोष्ट तपासा: जुनी यादी श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर ती युनिकोडमध्ये आणावी लागेल. हे काम पावसाळ्यात करा, एप्रिलात नव्हे.

मुलांचे फोन नंबर कुठेही गोळा करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. बिंगो कार्डावर नाव आणि सभासद क्रमांक एवढंच असावं, चॅनल पालकांनी बघावं.

कार्यकारिणीपुढे ठराव मांडायचा झाला तर क्रम असा: आत्ता चॅनल, सुट्टीत बिंगो, जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्लिकर्स, ऑक्टोबरला दाखल क्रमांक विचारणारा फॉर्म. बक्षीस म्हणून ढाल देऊ नये, वर्षाची वर्गणी माफ करावी. आणि सुरू करण्याआधी मागच्या एप्रिल-मेच्या देवघेवीचा आकडा नोंदवहीतून काढून ठेवावा. जूनच्या सभेत कुणीतरी चॅनलच्या फॉलोअरचा आकडा वाचून दाखवेलच, तेव्हा शेजारी हा दुसरा आकडा ठेवायला हवा.